पहिल्या चावीला

थोरल्याच्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. उन्हाळा उतरणीला लागला होता आणि थोरला एका फाटकासमोर उभा राहून गाड्यांच्या दलालावर ओरडत होता.

“कुणाच्या दारात आणलंस मला? आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?”

“काका, तुम्हीच म्हणालात ना, छोटी गाडी हवी, स्वस्त हवी आणि रस्त्यात बंद पडणारी नको. अशी गाडी अख्ख्या गावात एकच आहे. मालक कोण, हे तुम्ही विचारलंच नाही.”

मालक म्हणजे थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षे दोघांत एका शब्दाची देवघेव नव्हती.

थोरला तिथूनच माघारी फिरला असता. पण घरी बायको होती. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला तिला इस्पितळात न्यावे लागे. परत येताना तिचे पाय लटपटत. मागच्या खेपेला ती भरल्या बसमध्ये उभ्या उभ्या खाली बसली आणि लोक तिला ओलांडून उतरून गेले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “अहो, मला पुन्हा बसनं नेऊ नका. त्यापेक्षा घरीच पडू द्या.” म्हणून गाडी हवी होती, आणि ती पेन्शनीत बसणारी हवी होती. अशा किमतीत आतापर्यंत दाखवलेल्या गाड्या कुणी फुकट दिल्या तरी घेतल्या नसत्या.

थोरल्याने फाटक पायाने ढकलले.

धाकटा व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता. तो उठला नाही. एवढ्या उकाड्यात अंगात स्वेटर, आणि स्वेटरही कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. थोरल्याचे सगळे आयुष्य वजनकाट्यावर गेले होते. लांबून येणाऱ्या ट्रकचे टायर किती दबलेत ते बघून तो आत माल किती आहे ते सांगायचा. चालकांनी लपवलेले दगड, ओली केलेली पोती, सगळे त्याच्या नजरेला कळायचे. त्याने भावाकडे एकदा पाहिले आणि मनात म्हटले, पैसा आलाय, आता बारीक व्हायची थेरं सुचतायत. मोठा भाऊ दारात आला तरी उठवत नाही याला.

गाडी अंगणातल्या झाडाखाली उभी होती. पांढरी, छोटी, चार माणसे कशीबशी मावतील एवढी. थोरल्याने ती लगेच ओळखली. तीच होती.

“त्याला विचार, अपघात किती केलेत,” थोरला दलालाला म्हणाला.

दलालाने मान वळवली. “मालक, ते विचारतायत—”

“ऐकलं. एकही नाही म्हणावं.”

“एकही नाही, काका.”

“मला कान आहेत.”

“मग मी इथं कशाला उभा आहे?” दलाल पुटपुटला, पण कमिशनच्या आशेने उभा राहिला.

थोरल्याने दारे आपटून पाहिली. पायाखालची चटई उचलून गंज शोधला. उताणा होऊन गाडीखाली शिरला, शर्टाची पाठ मातीने भरवली आणि काही न सापडल्यामुळे जास्तच चिडून बाहेर आला.

“आता त्याला विचार, सुरू होते का. का घरात माणूस मरायला टेकलं की रुसून बसते?”

धाकट्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती, ती उंबऱ्यातच थांबली.

ती जुनी गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक होती, दलालालासुद्धा. आईला धाप लागली तेव्हा थोरल्याने धाकट्याला फोन करून गाडी घेऊन ये म्हणून सांगितले होते. धाकटा आला तो पायी. दोन गल्ल्या धावत, घामाने निथळत. “दादा, गाडी सुरूच होईना.” तोवर आई गेली होती. आणि थोरला माणसांनी भरलेल्या घरात म्हणाला होता, “सुरू होईना, का सीट खराब होईल म्हणून आणली नाहीस?” धाकटा त्यानंतर त्या घरात आला नव्हता.

“चावी द्या त्यांना,” धाकटा म्हणाला.

थोरल्याने चावी लावली. ती पुरती फिरायच्या आत गाडी सुरू झाली. त्याने बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही.

“एवढी सोन्यासारखी आहे तर विकतोय कशाला?”

“नवी घ्यायचीय म्हणावं.”

“हां. मोठी माणसं!” थोरला हसला आणि त्याने अशी किंमत सांगितली की दलालाने कानांवर हात ठेवले.

“काका, एवढ्यात आजकाल सायकल येते! दोन गिऱ्हाइकं याच्या कितीतरी वर बोलून गेलीत.”

“मग द्या त्यांना. मी काय अडवलंय?”

“देऊन टाका,” धाकटा म्हणाला. “या किमतीला देऊन टाका यांना.”

थोरला तासभर भांडायच्या तयारीने आला होता. एवढ्या लवकर माणूस हो म्हणतो म्हणजे मालात खोट असणारच, हे काट्यावरचे शिक्षण होते. फक्त ती कुठे आहे, ते कळत नव्हते. पण बसमध्ये खाली बसलेली बायको डोळ्यांसमोर आली आणि त्याने पैसे दलालाच्या हातावर ठेवले. पाण्याला त्याने हात लावला नाही.

तो गाडीत बसला तेव्हा धाकटा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभा राहिला. नऊ वर्षांनी प्रथमच सरळ त्याच्याशी बोलला.

“दादा, वहिनीला मागं नको बसवूस. पुढं बसव. मागं हादरे बसतात.”

थोरल्याने दलालाकडे पाहिले. “त्याला सांग, माझी बायको कुठं बसेल ते मी बघीन.”

आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

त्यानंतर थोरला गाडी बंद पडायची वाट बघू लागला. सगळे भांडण त्याने तयार ठेवले होते. गाडी तशीच ढकलत नेऊन त्याच्या फाटकात उभी करायची, आणि म्हणायचे, हे घे तुझं डबडं, सख्ख्या भावालाही फसवलंस. धाकटा काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचे, हेही ठरले होते. इस्पितळाच्या आवारात बायकोची वाट बघत तो एकटाच ओठ हलवत बसे.

गाडी बंद पडेना. पावसात भिजली, थंडीत गारठली, तरी चावी फिरवली की सुरू.

“आज जरा आवाज वेगळा येतोय ना?” तो आशेने विचारी.

“आवाज तुमच्या डोक्यात येतोय,” बायको म्हणे. ती मागच्या सीटवर उशी घेऊन बसलेली असे. “भांडायचंच आहे तर जा ना सरळ. त्यासाठी गाडी कशाला बिघडायला हवी?”

“उगाच कसं जाऊ? काही कारण नको?”

“भावाकडं जायला?”

त्यावर तो गिअर जोरात टाकी.

मग एका सकाळी धाकट्याच्या बायकोचा फोन आला. थोरल्याने ऐकून घेतले, अंगात शर्ट चढवला आणि बायकोला हाताला धरून खाली आणले. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. दोन गल्ल्या जायला कितीसा वेळ लागणार!

व्हरांड्यातली खुर्ची तिथेच होती. झाडाखालची जागा रिकामी होती, तिथे नवी गाडी नव्हती. थोरला फाटकाशीच खिळून उभा राहिला. भावजय बाहेर आली. तिने डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही.

“पोटात गाठ होती, दादा. गाडी विकली तेव्हाच डॉक्टरांनी हात टेकले होते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले. दादा भांडायला आला तर भांडू दे, कीव करायला नको यायला.”

थोरल्याने एवढे दिवस ठरवलेल्यातले एकही वाक्य तिथे उपयोगाचे नव्हते.

“आई गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आधी खाली जाऊन गाडी सुरू करून बघायचे. कुठं जायचं नसलं तरी. तापात असले तरी. तुम्ही गाडी नेलीत, त्यानंतरही सवयीनं झाडाखाली जायचे. मग आठवायचं, आणि परत यायचे.”

इतर माणसे जमू लागली. थोरला आत गेला. भावाची तिरडी उचलायला चौघे पुढे झाले, त्यात तो होता. इतकी वर्षे वजने केलेल्या माणसाच्या खांद्याला ते वजन जाणवलेच नाही. त्याने शेजारच्या माणसाला विचारले, “तुम्ही नीट धरलंय ना?”

संध्याकाळी परतताना त्याने गाडीचे पुढचे दार उघडले, सीट मागे सरकवली, मागची उशी काढून तिथे ठेवली आणि बायकोला म्हणाला, “इथं बस. मागं हादरे बसतात.”

ती बसली. पुढे चार वर्षे ती त्याच सीटवर बसून इस्पितळात जात राहिली. धाकटा भाऊ मात्र गाडी विकली त्याच वर्षी, थोरल्याच्या मुलीची जुळी बसायला लागली त्या महिन्यात, मंगळवारी सकाळी गेला.