मनगटावरून कोपरावर

डिंडोलीच्या मैदानात रविवारी सकाळी आठलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मंडपात शक्तिगुरू योगराज उभे होते आणि त्यांच्या शेजारी, हात आडवा ताणून, भिकन. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यातला जॉबर, बिघडलेली यंत्रं ताळ्यावर आणणारा. खान्देशातून आलेल्या त्या वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं, म्हणूनच गुरूंनी त्याला निवडलं होतं.

गुरूंनी दोन बोटांनी हात दाबला. तो झपकन खाली आला. मग त्यांनी भिकनला एक लाल, चघळायची गोळी दिली.

"क्रिएटिनची गमी. पहिलवान ताकदीसाठी घेतात तेच, पण एकदम कुदरती. आता बघा."

पुन्हा दोन बोटं टेकली. हात तसूभरही हलला नाही. टाळ्यांनी मंडप दणाणला.

"आणि हे पावडरवाले," म्हणत गुरूंनी थंड पाण्याच्या पेल्यात क्रिएटिनची पांढरी पावडर ढवळली. तळाशी गाळ बसला. "हाच गाळ किडनीत बसतो. मग पछी डायालिसिस. आपली गमी रक्तात थांबत नाही, सीधी आत्म्यात उतरते. ताकद, गुडघे, शुगर, सगळ्यांवर एकच इलाज."

आत्म्याला क्रिएटिन कशाला लागतं, हे कोणी विचारलं नाही.

भिकनची मुलगी चंचल कॉलेजात वेटलिफ्टिंग करायची. डॉक्टरांना विचारून, मोजून, ती साधी पावडर घेत होती. वस्तीतल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भागीरथीबाईंनी तिला तो रस्ता दाखवला होता. भिकन तडक घरी गेला, पावडरचा डबा घेऊन आला आणि सगळ्यांसमोर गटारीत ओतला.

"बाईंच्या नादी लागून पोरगी विष खात होती," तो म्हणाला.

भागीरथीबाई गर्दीतच होत्या. त्या चंचलला घेऊन निघून गेल्या.

त्या आठवड्यात अर्धा कारखाना गोळ्या चघळू लागला. भिकनदानं खाल्ली ना, मग झालं. सुपडू त्याच्याच शेजारच्या लूमवर होता. त्याला शुगर होती. त्यानं डॉक्टरची औषधं बंद केली आणि दिवसाला आठ-आठ गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या आठवड्यात तो चालत्या लूमशेजारी कोसळला. पट्ट्यात हात जायचा, तो वीतभरानं वाचला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाकीट उलटं करून वाचलं. "पहिलाच घटक साखर. क्रिएटिन किती, ते लिहिलेलंच नाही. हे खायला कोणी सांगितलं यांना?"

भिकन खाटेच्या पायाशी उभा होता. सुपडूनं डोळे उघडले.

"भिकनदा, तू सांगं म्हनीन मी खादं," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

संध्याकाळी भिकन भागीरथीबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. बाईंनी खुर्ची पुढे केली.

"हात ताणा," त्या म्हणाल्या. गोळी नाही, काही नाही. त्यांनी दोन बोटं मनगटावर ठेवून दाबली. हात खाली. मग तीच बोटं कोपराजवळ ठेवली. हात जागचा हलेना.

"गोळी दिल्यावर त्यानं बोटं कुठे ठेवली होती, आठवतं का?"

भिकनला आठवलं आणि अंगाची लाहीलाही झाली. घट्ट नट सुटत नसला की पान्याच्या दांडीला पाइप लावून ती लांब करणारा माणूस तो. दांडी लांब तर जोर कमी लागतो, हे त्याला शिकवायला कोणी लागत नव्हतं. तरी खांद्यापासून मनगटापर्यंतची आपल्याच हाताची दांडी त्याला ओळखता आली नव्हती.

बाईंनी पेल्यात थंड पाण्यात थोडी पावडर ढवळली, तसाच गाळ बसला; मग त्यात गरम पाणी घातलं, ढवळलं. पावडर विरघळली. "थंड पाण्यात ती नीट विरघळत नाही, एवढंच. तुम्ही मला तेव्हाच विचारायला हवं होतं."

"तोंड कुठे होतं, बाई."

पुढच्या रविवारी गुरूंचा मंडप पुन्हा भरला, तेव्हा भिकन न बोलावता मंचावर चढला. गोळी खाल्ली, हात ताणला आणि म्हणाला, "गुरुजी, आता मनगटावर दाबा."

"श्रद्धा डळमळली की गमी काम करत नाही," गुरू म्हणाले आणि हात मागे घेतला.

"मग बाई दाबतील."

बाईंनी गर्दीतून वर येऊन मनगट दाबलं, हात पडला. मग गोळी न खाल्लेल्या एकाला वर बोलावून त्याचं कोपर दाबलं, हात राहिला.

"क्रिएटिन खोटं नाही," बाई म्हणाल्या. "पण ते मिनिटात ताकद देत नाही, अन् शुगर तर घालवतच नाही. ते स्नायूंत साठायला दिवस लागतात, व्यायाम करावा लागतो. पावडर घ्या नाहीतर गमी, आधी डॉक्टरांना विचारा. किती ग्रॅम आहे, साखर किती, तपासणी कोणी केली, ते वाचा. लिहिलेलं नसेल तर घेऊ नका."

योगराज सामान आवरायला लागले होते. भिकननं माइक घेतला.

"सुपडू दवाखान्यात आहे, तो माझ्यामुळं. बाईंना मी तुमच्यासमोर नको ते बोललो, तुमच्यासमोरच माफी मागतो. आणि आज मी सांगतोय म्हणून हेही मानू नका. घरी जा, एकमेकांचे हात दाबून पाहा, मग ठरवा."

तो खाली उतरला. चंचल पहिल्याच रांगेत होती. "चला, आबा," ती म्हणाली. तो तिच्या मागून चालू लागला, मान खाली घालून.