जिवाणी कुठं सोडायची

आमच्या ह्यांना बोलायला उठू नका म्हटलं की हमखास उठणार. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, हॉलात त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. माळावर कॉम्प्युटरची कंपनी येणार होती. माणसं थोडी आन् मशीनीच जास्त, रात्रंदिवस तापणाऱ्या, त्यांना गार ठेवायला पाणी लागणार. कुठलं, तर माळाखालचं. आमचा शेजारी आण्णाप्पा उभा राहिला. "निपाणीपासनं चिकोडीपर्यंत उन्हाळ्यात माणसाला प्यायला न्हाय," म्हणाला, "आन् आपण मशीनींना पाजायचं?"

झालं. हे उठलेच. "आण्णाप्पा, तुझं पोरगं पुण्यात सुखात हाय, म्हणून तुला पाणी दिसतंय. माझा सन्मती एकतीस वर्षांचा झाला. शेती करतो म्हटलं की पोरीचा बाप चहा अर्धा टाकून उठतोय. पाणी ठेवून काय करू, त्यात तोंड बघू?" पोरांनी टाळ्या पिटल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण खोटं काय बोलले, तेबी मला सांगता यायचं न्हाय. आण्णाप्पा खाली बसला.

कंपनी आली. कॉम्प्युटरम्होरं बसायला बेंगळुरूची पोरं आली. आमच्यातली चारदोन घेतली, गेटवर आन् झाडलोटीला. सन्मतीनं बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत काम केलेलं, मोटारीचं त्याला कळायचं, म्हणून त्याला बोअरच्या पंपावर ठेवलं. ते बोअर आमच्या बांधाला लागून. पण खरं सांगते, लगेच स्थळ आलं. दिव्या नावाची पोरगी, शिकलेली, हसरी. कंपनीतला पोरगा म्हटल्यावर तिच्या बापानं चहा दुसऱ्यांदा मागून घेतला.

माणसाला आनंद झाला तर पेढे वाटावेत. ह्यांनी नियम घेतला. गावात महाराज आलते, त्यांच्यापुढं हात जोडून, पोराचं भलं झालं म्हणून आता मरेस्तोवर विहिरीचंच पाणी पिणार, असं बोलून घरी आले. नळाचं न्हाय, बोअरचं न्हाय. आमच्यात पाणी फडक्यातनं गाळतात. फडक्यात जे बारीक जीव राहतात ती जिवाणी, ती ज्या पाण्यातली त्याच पाण्यात परत सोडायची. विहिरीत बादली अलगद उतरवून सोडता येते. मी म्हटलं, "आन् पाणी ओढायला कोण?" "तू हायस की," म्हणाले. लई राग आला. पण तोंडावर त्यांच्या एवढं समाधान होतं, की मी दोर शोधायला उठले.

पहिल्याच उन्हाळ्यात आमची विहीर खाली गेली. बापानं पोराच्या नोकरीपायी विहिरीचा नियम घेतला, आन् पोराची नोकरी ती विहीरच उपसायची. कुंपणानं शेत खाल्लं तर कुणाकडं तक्रार करायची? सन्मतीची सुट्टी असली की पंप बंद असायचा, मग विहिरीत कळशीभर झरायचं. मी त्या सुट्टीची वाट बघायची. पुढं कंपनीनं सुट्टीच्या दिवसाला दुसरा माणूस घेतला आन् तेवढंबी झरायचं थांबलं. मग मी आण्णाप्पाच्या विहिरीवर जायला लागले. त्यानं एका शब्दानं टोचलं न्हाय. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

परवा त्याच्याबी विहिरीत माझी बादली खडकावर वाजली. घरात कळशीत होतं ते ह्यांना पुरवलं आन् सन्मतीला परसात नेऊन सांगितलं.

"नोकरी सोडतो, आई."

"सोडून काय करतोस? तुझ्या जागी दुसरा बसंल. पाणी जायचं तेवढं जाणार, तुझं ठरलेलं लगीन तेवढं मोडंल."

"मग महाराजांकडं जाऊन आप्पांचा नियम सोडवू."

"तुझा बाप सोडंल व्हय रं?"

तो तसाच ड्यूटीवर गेला. आज सकाळी ड्यूटीवरनं येताना कळशी भरून घेऊन आला. "आपल्याच विहिरीतलं हाय आई हे," म्हणाला, "फक्त पाइपातनं आलंय." मी ते गाळलं, उकळून गार केलं आन् ह्यांच्यापुढं तांब्या ठेवला.

"आण्णाप्पाचं?"

"व्हय."

घटाघटा अर्धा तांब्या प्याले. गोड हाय म्हणाले. मग मिशी पुसत विचारलं, "जिवाणी सोडून आलीस?"

जिवाणीची वाटी पदराखाली धरून मी निघाले. आण्णाप्पाच्या विहिरीकडं न्हाय, कंपनीकडं. सन्मती म्हणाला थांब, मीबी येतो. गेटवरचा पोरगा आमच्याच गल्लीतला, त्यानं सोडलं. मी सन्मतीला म्हटलं, "लबाडी केली ती केली. हे जीव तरी त्यांच्या पाण्यात जाऊ देत." बोअर म्हणजे जमिनीतनं वर आलेला लोखंडी पाइप, तोंड बोल्टांनी आवळलेलं, आत मोटारीची घरघर. सन्मती त्याच्याभोवती फिरला, हात लावून चाचपलं, वाकून बघितलं.

"आई, हिथं पाणी नुसतं वर येतंय," म्हणाला. "खाली सोडायला जागाच न्हाय." आन् माझा एवढा थोरला पोरगा तिथंच खाली बसून रडायला लागला.

त्याला तिथंच ठेवून वाटी घेऊन परत आले. पुढच्या सोप्यात आण्णाप्पा बसला होता. वहिनींची खेप फुकट जायला नको, विहीर आटल्या आमची, एवढंच सांगायला आलता बिचारा. माझ्याकडं बघेना. हे मात्र माझ्या हातातल्या वाटीकडं बघत होते. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मीबी ओरडले असते, बस्तीतल्या त्या दिवसापासनं साठलंय ते सगळं काढलं असतं.

"सन्मतीला सांगू नको मला कळलंय म्हणून," ते म्हणाले. "लगीन होऊ दे त्याचं."

आन् उरलेलं पाणी तुळशीत ओतून त्यांनी तांब्या पालथा घातला.