चढलेली पट्टी

वाद्यवृंदाच्या संचालकाने पट्टी आणखी चढवली आहे, हे बाईंना पहिल्याच सुराला कळलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑपेराच्या थिएटरात लहानमोठे सगळे त्यांना बाईच म्हणत. पियानोवर बसून गायकांकडून भूमिका बसवून घेणं हे त्यांचं काम. वाद्यवृंद येण्याआधीच्या सगळ्या तालमी त्यांच्या खोलीत होत. कुठलाही आवाज कानावर पडला की त्याचा सूर त्यांना विचार न करता कळे, मग तो कपावर आपटलेला चमचा असो की कुरकुरणारी बिजागरी. तुम्हाआम्हाला लाल रंग लाल दिसतो, तितकंच ते सोपं होतं. या कानावर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती.

त्यामुळेच गेले काही महिने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आधी त्यांच्या खोलीतला पियानो चढला. सूर लावणाऱ्या माणसाला त्यांनी धारेवर धरलं, तर त्याने खिशातून यंत्र काढून दाखवलं. "बाई, काटा बघा. केसभर फरक नाही."

"काटा संचालकांनीच दिला असेल," बाई म्हणाल्या.

आणि आता वाद्यवृंदासोबतच्या तालमीत ओबो या सनईसारख्या वाद्याच्या वादकाने वाद्यं जुळवायला सगळ्यांना सूर दिला, तोही तसाच चढलेला. बाईंना यात नवल वाटलं नाही. वाद्यं झळाळून उठावीत म्हणून पट्टी वर ढकलण्याची खोड संचालकांमध्ये फार जुनी. पण तार तुटली तर दुसरी लावता येते. घसा कुठून आणायचा?

घसा होता टाचणीचा. अंगाने बारीक आणि वरच्या सुरात धारदार, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. सोप्रानो, म्हणजे बायकांतला सगळ्यात वरचा आवाज. बाईंच्या हाताखाली ती सहा-सात भूमिका शिकली होती, पण ही भूमिका वेगळी. बेल कांतो गायकीचा हा ऑपेरा, जिथे गोष्ट नावापुरती आणि गळा खरा. पहिल्या अंकाच्या शेवटी नायिका एक लांब तान घेत वर जाते आणि अगदी टोकाच्या सुरावर उभी राहते. ही तान टाचणी अशी घेई की प्रत्येक सूर सुटा ऐकू यावा आणि श्वास मात्र कुठे तुटू नये. जिन्याची प्रत्येक पायरी पावलाला लागते आहे, पण धावणाऱ्याला घाई नाही, असं ते होतं.

तिच्यासोबतचा टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, खांद्याने रुंद, म्हणून पैलवान. पण त्याची खरी ताकद हळू गाण्यात होती. ऐकू येईल न येईल असा सूर तो लावी, फुगवत फुगवत गॅलरीच्या शेवटच्या रांगेपर्यंत नेई आणि पुन्हा तितकाच बारीक करून खाली ठेवी. तेवढ्या वेळात सूर हलत नसे की शब्दातला 'आ' बिघडत नसे. दोघं एकत्र गाऊ लागले की बाई पियानो वाजवता वाजवता गप्प होत. एरवी त्या गप्प होत नसत.

अशा गळ्यांवर हा माणूस पट्टी चढवतो!

तालीम संपताच बाईंनी टाचणीला बाजूला घेतलं. "वरचा सूर घ्यायचा नाही. तो आता तुझा सूर राहिलेलाच नाही, त्याच्याही वरचा झालाय. एकदा घसा गेला की हा माणूस तुला ओळखसुद्धा दाखवणार नाही."

टाचणीचा चेहरा उतरला. "तरीच. घसा आवळल्यासारखा वाटतोय."

"मला काही कळलं नाही बुवा," पैलवान म्हणाला. "मला कुठूनही सुरू करून द्या, मी आपला मोठ्याने गातो."

"तू खा आणि गा. तुला विचारलंय कोणी?"

टाचणीने संचालकाला निरोप पाठवला: पट्टी उतरवा, नाहीतर शेवटचा सूर मी खालूनच घेईन. पुढच्या तालमीत संचालक भर मंचावर उसळला. यंत्र नाचवत म्हणाला, "पट्टी आहे तिथेच आहे! सूर जमत नसेल तर तसं सांगा, आडून बोलू नका. पर्यायी गायिका बाहेर बसली आहे. उद्याच्या पहिल्या प्रयोगाला ती उभी राहील."

"पाहा, पाहा!" बाई टाचणीला म्हणाल्या. "चोर तो चोर, वर ही मिजास." टाचणी गायला उभी राहिली. तालमीत वरच्या सुराशी आली आणि अडली. पुन्हा घेतला, पुन्हा अडली. कालपर्यंत हसत लागणारा सूर. बाईंना संचालकाचा गळा धरावासा वाटला.

संध्याकाळी त्या तशाच धुमसत घरी पोचल्या. किल्ली थिएटरात राहिली होती, म्हणून घंटा दाबली. घंटा वाजली आणि बाई दारातच थबकल्या.

दार धाकट्या बहिणीने उघडलं. दोघी एकत्र राहत.

"घंटा कधी बदललीस गं?"

"घंटा? आई होती तेव्हापासून हीच आहे, ताई."

"मग हिचा सूर का चढलाय?"

धाकटीने दिवसातून तीनदा संचालकाच्या नावाने शिमगा ऐकला होता. ती म्हणाली, "दुपारी तुझे संचालक आले होते, शिडी घेऊन. म्हणाले, बाईंच्या घरचीही पट्टी चढवून जातो. चहासुद्धा घेतला नाही बिचाऱ्यांनी."

आणि हसत हसत आत गेली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी घंटा पुन्हा दाबली. आतून धाकटी ओरडली, "अगं, आत आलीस ना? आता काय!" बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजला कान लावून उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं एकाच सुरात घुमणारा फ्रिज. तोही चढला होता. संचालकाचा हात लांब असला तरी त्यांच्या फ्रिजपर्यंत पोचत नव्हता.

त्यांना त्यांचे गुरुजी आठवले. उतारवयात गुरुजींनी तीन सूर लावणारे हाकलले होते. अवघं जग अर्ध्या सुराने चढलंय असं म्हणत. या धंद्यातली जुनी माणसं ते ऐकून खाली बघत. ज्याच्या कानाला प्रत्येक सुराचं नाव ठाऊक, त्याचाच कान म्हातारपणी असा सरकतो. आतला नाजूक पडदा ताठरतो, आणि तोही इतका तिळातिळाने की त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. बाकीच्यांना हे जाणवतच नाही. त्यांना मुळात नावंच ठाऊक नसतात.

संताप होताच, पण तो न्यायचा कुठे? स्वतःच्या कानावर ओरडता येत नाही. बाईंनी फ्रिजचं दार उघडलं आणि धाडकन लावलं.

"त्याच्यावर कशाला काढतेस?" धाकटी म्हणाली.

"कोणावर काढू मग? मी त्या पोरीचा सूर मारलाय!"

दुसऱ्या दिवशी त्या टाचणीच्या रंगपटात गेल्या. पैलवान तिथेच गरम पाण्याचे घोट घेत बसला होता. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पट्टी चढलेली नाही, चढलाय आपला कान. तुझा सूर जिथे होता तिथेच आहे.

 टाचणी आरशासमोरून वळली. "म्हणजे मी उगाच घाबरले?"

"हो."

"पाणी गिळताना घसा तपासत होते मी, बाई! रात्री झोपेत दचकून उठले! त्या माणसाने सगळ्यांसमोर मला काढायची भाषा केली आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं, कारण तुम्ही म्हणालात! मला आवळल्यासारखं वाटत होतं, खरंच वाटत होतं!"

"मी म्हणाले म्हणून वाटत होतं."

"जा तुम्ही. आत्ता जा."

"अगं, त्या स्वतःहून सांगायला आल्यात," पैलवान मधे पडला.

"तूही जा!"

तिथून बाई संचालकाकडे गेल्या. तो ऐकून घेताना खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "वयोमानाने होतंच," तो गोड आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं सेवा केलीत. आता आराम करा."

"कान सरकलाय माझा, डोकं नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या अंकात पैलवानाला वरच्या सुराआधी तुम्ही श्वास घेऊ देत नाही. गाडी सुटल्यासारखे पुढे पळता. ते समजायला सुराचं नाव माहीत असावं लागत नाही. आणि त्या पोरीची माफी मागा. तुम्ही तिला काढायची धमकी दिलीत ती माझ्या चुकीवर, पण दिलीत तुम्ही."

संचालकाने माफी मागितली नाही. फक्त म्हणाला, "सूर घेणार असेल तर तीच उभी राहील."

प्रयोगाला बाई पडद्याआड उभ्या राहिल्या. टाचणी त्यांच्या समोरून मंचावर गेली. मान वळवली नाही. तान सुरू झाली. बाईंच्या डोक्यात नावं उमटू लागली, प्रत्येक नाव चुकीचं, एक घर पुढचं. त्यांनी ती नावं ऐकायची सोडून दिली. आणि मग नुसता आवाज उरला. त्यात राग होता, स्वच्छ आणि धारदार, आणि तो कुठे सांडत नव्हता. प्रत्येक पायरीवर पाऊल नेमकं पडत होतं. खालून पैलवानाचा सूर आला, बारीक, मग रुंद, आणि तिच्या सुराखाली असा उभा राहिला की कोण कोणाला तोलतंय ते कळू नये. टाचणी टोकाच्या सुरावर गेली. तिथे थांबली. संचालकाचा हात पुढे निघाला होता तो तिने नुसत्या नजरेने हवेत अडवून ठेवला, आणि आपल्याला हवं तेव्हा सूर सोडला.

थिएटर फुटल्यासारख्या टाळ्या पडल्या. टाचणी धापा टाकत आत आली आणि बाईंसमोर उभी राहिली. राग तसाच.

"कसा लागला?"

"सुराचं मला विचारू नकोस."

"तुम्हालाच विचारतेय."

"श्वास घाईत घेतलास. खांदे वर गेले."

"बाई," पैलवान कळवळून म्हणाला, "आज तरी!"

"आज काय? खांदे वर गेले ते गेले."

टाचणीने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "उद्या प्रयोगाआधी खोलीत येते," ती म्हणाली. "त्या श्वासाच्या जागेवर बसू. आणि माझा राग गेलेला नाही."

"जाऊ नये," बाई म्हणाल्या. "बाहेर लोक थांबलेत, जा."