मोकळी पायगत

डोंगरावरच्या त्या घराला सहा खोल्या आहेत आणि रस्ता त्याच्या दाराशीच संपतो. पुढे पायवाट, दगड आणि धुकं. राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता, एवढंच तिथे मिळतं. रात्रीचं जेवण हवं असेल तर ते मालकीणबाईंच्या मनात यावं लागतं. आमच्यासाठी ते एकोणीस वर्षं न चुकता आलेलं आहे.

आमच्यासाठी म्हणजे ताईसाठी आणि माझ्यासाठी. दर वर्षी चार दिवस आम्ही दोघी बहिणी इथे येतो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने चौतीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरल्या. मी चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांचे अर्धवट भरलेले फॉर्म परत केले. "एकही रकाना रिकामा चालणार नाही," हे मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. लोक मला खडूस म्हणायचे. चुकीचं काही म्हणत नव्हते.

पहिल्या वर्षीची गोष्ट मालकीणबाई अजून प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात. उठल्या उठल्या पलंग आवरायचा हा ताईचा शिरस्ता, आणि आवरायचा तोही हॉटेलसारखा. चादर ताणून बसवलेली, कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचलेले, वर एक सुरकुती नाही. तिने आमचे दोन्ही पलंग आवरले आणि उजाडताच आम्ही फिरायला निघून गेलो. मालकीणबाई चहा घेऊन आल्या, तर पलंग कोरे करकरीत. त्यांना वाटलं, या दोघी रात्रभर खोलीत आल्याच नाहीत, गेल्या दरीत. त्यांनी माळीबुवांना कड्याकडे पिटाळलं. आम्ही आरामात परत आलो, तर तो बिचारा "ओ बाई! ओ बाई!" करत घसा फोडून घेत होता. तेव्हापासून दर वर्षी दुसऱ्या दिवशी मालकीणबाई विचारायच्या, "काय मोठ्या बाई, काल झोपलात की उभ्याच होतात?" आणि ताई दर वर्षी तितकीच लाजायची.

त्याच पहिल्या वर्षी मी पाहुण्यांच्या वहीत तक्रार लिहिली होती. "चादर आखूड आहे. पायगतीला खोचलेली राहत नाही." मालकीणबाईंनी दुसऱ्या वर्षी नव्या चादरी आणल्या. त्याही आखूड निघाल्या. मग मी नाद सोडला, कारण घर मला आवडलं होतं. नाश्त्याची पितळी घंटा, काचेच्या बरणीतला मुरांबा, पोळलेल्या पावाचा वास, आणि खिडकीत बसून ताईचं ते एकच वाक्य, "बघ, डोंगर जागेवर आहे." ती चार दिवसांची ताई मला वर्षभर पुरायची.

यंदा मी तिला आणलं ते एक पैज मनात धरून. पैज माझी माझ्याशीच होती.

ताईला आता माणसं ओळखू येत नाहीत. आधी तिच्या आठवणीतून शेजारी गेले, मग तिचा स्वतःचा मुलगा गेला, आणि गेल्या आठ महिन्यांपासून मीही गेले. मी तिच्याच घरात राहते, तिला न्हाऊ घालते, तिची बटणं लावते, आणि ती मला "बाई" म्हणते. भाचा लांब असतो. मुलगा गुणी आहे, रोज फोन करतो. त्याने एक संस्था शोधली, चांगली, स्वच्छ, नर्सबिर्स सगळं असलेली. तिथला फॉर्म मला पाठवला आणि म्हणाला, "मावशी, तू किती दिवस करणार? आणि आईला आता कोण आहे नि कोण नाही तेच कळत नाही. कुठे ठेवलं तरी तिला काय फरक पडणार आहे?"

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. आणि मी दमले होते, हेही खरं. सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचा होता. मी सगळे रकाने भरले, एक सोडून. "नातेवाइकांना ओळखतात का? हो / नाही. लागू नसेल ते खोडा." पेन तिथे टेकवायचं आणि उचलायचं, असं चार दिवस चाललं. मग मी ठरवलं, डोंगरावर जायचं. तिथे तिने मला एकदा, एकदाच, "भिंगरी" म्हटलं तर सही करायची नाही. लहानपणी आम्ही एका पलंगावर झोपायचो आणि मी झोपेत गोल गोल फिरायचे, म्हणून ताईने ठेवलेलं हे नाव. जगात ती एकटीच मला त्या नावाने हाक मारायची.

पहिला दिवस वाया गेला. जीपमधून उतरल्यावर ताईने घराकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमची नेमणूक कुठल्या मजल्यावर आहे?"

मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "तुमच्याच मजल्यावर."

"मग बरं," ताई म्हणाली. "शिकवीन मी तुम्हाला. घाबरू नका."

संध्याकाळी तिला खिडकीत बसवलं. डोंगर समोर होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण तिचं ते वाक्य काही आलं नाही. मी वाट बघितली, अगदी धुकं येऊन डोंगर झाकेपर्यंत. त्या दिवशी मला तिचा खूप राग आला, आणि रागाची लाजही वाटली.

दुसऱ्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर आम्ही दोघी, एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि एक दातांचे डॉक्टर होते. ताईने अंडं निम्मं खाल्लं. मी चहा आणायला स्वयंपाकघरात गेले, मालकीणबाईंशी दोन शब्द बोलले. परत आले तर खुर्ची रिकामी.

"ताई कुठेय?"

"आत्ता तर इथे होत्या," डॉक्टर म्हणाले.

पुढचं दार सताड उघडं होतं. मी उंबऱ्यापर्यंत धावले. बाहेर दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. मालकीणबाईंनी माळीबुवांना हाक मारली आणि एकोणीस वर्षांनी तो माणूस पुन्हा कड्याकडे पळाला, तेच "ओ बाई! ओ बाई!" करत. या वेळी कोणी हसलं नाही. मी घसरत, धडपडत पायवाटेवर गेले, ताई ताई म्हणून ओरडले. मनात एकच होतं: सही करून टाकली असती तर ती आत्ता चार भिंतींत सुखरूप असती. माझ्या त्या पैजेपायी मी तिला कड्यावर आणून सोडलं होतं.

पाऊण तास तरी असा गेला, तेव्हा वरच्या खिडकीतून नवी नवरी ओरडली, "अहो, कोणीतरी आमची खोली आवरलीय!"

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. जोडप्याचा पलंग आरशासारखा लखलखीत होता आणि त्यांचे ओले मोजे जोडीने हीटरवर वाळत घातलेले होते. डॉक्टरांच्या खोलीत त्यांचा पायजमा घडी होऊन उशीवर बसला होता. त्यापुढच्या रिकाम्या खोल्यांमधले पलंगसुद्धा विस्कटून पुन्हा आवरलेले. ताई दमली असेल, असं मनात आलं आणि मला हसूही आलं, रडूही.

ती आमच्या खोलीत होती. तिचा पलंग झाला होता, आता माझा चालला होता.

"आलात?" ती न वळता म्हणाली. "किती उशीर. ते टोक धरा."

मी धरलं. तिने चादर एकदाच झटकली आणि ती बरोबर मध्यावर पडली. उशाकडचे दोन्ही कोपरे तिने खोचले, तळहाताने सुरकुती काढली. मला वाटलं मदत करावी. मी पायगतीचा कोपरा दुमडून गादीखाली सारला.

"तो नको!" तिने माझ्या हातावर चापट मारली. "सोडा तो."

"का? राहिला की बाकी."

"राहू दे. इथे माझी धाकटी झोपते. पाय बांधले की रात्रभर रडते. भिंगरी आहे नुसती." मी खोचलेला कोपरा तिने उपसून काढला आणि वरून पलंगपोस अशा बेताने टाकला की मोकळी पायगत कोणाच्या लक्षातही येऊ नये. "आमच्या सुपरवायझरला नाही चालत असलं. पण सांगतंय कोण!"

चादर आखूड नव्हती. एकोणीस वर्षांत एकदाही आखूड नव्हती.

"कुठे आहे ती, तुमची धाकटी?" मी कसंबसं विचारलं.

"पोस्टात असेल. येईल." ताई उशी थोपटत होती. "माझ्याशिवाय जाते कुठे!" मग तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही रडताय का बाई? तुम्हाला बहीण आहे?"

"आहे."

"मोठी की धाकटी?"

"मोठी."

"मग तुमचं बरं आहे," ताई म्हणाली, आणि पुढच्या कामाला काही उरलंय का ते बघत उभी राहिली.

खाली माळीबुवांना परत बोलावलं गेलं. मालकीणबाईंनी सगळ्यांना पुन्हा चहा दिला. डॉक्टर म्हणाले, असा पायजमा त्यांच्या आयुष्यात कोणी घडी केला नव्हता.

मी फॉर्म काढून खिडकीत बसले. पैजेचा निकाल लावायला मी पोस्टाचे सगळे नियम मनात फिरवले. नाव घेतलं होतं, पण मला हाक मारली नव्हती. टपाल पत्त्यावर आलं होतं, पण घेणारीची ओळख पटत नव्हती. खिडकीमागे असते तर मी ते परत पाठवलं असतं. चाळीस वर्षं मी अशीच वागले.

मग मी त्या रकान्यातलं "नाही" खोडलं. "हो"च्या पुढे थोडी जागा होती, तिथे बारीक अक्षरात लिहिलं: "पायांवरून." फॉर्म पूर्ण भरला. एकही रकाना रिकामा राहिला नाही. त्याच्या चार घड्या घालून पाहुण्यांच्या वहीत, माझ्या त्या जुन्या तक्रारीच्या पानात ठेवून दिला आणि भाच्याला फोन केला. "सही करत नाहीये," मी म्हटलं. "मदतीला एक बाई बघ, दिवसाची. मी दमते." तो म्हणाला, "बघतो, मावशी."

दुपारी ताई खुर्चीतच पेंगली. मीही माझ्या पलंगावर आडवी झाले, पाय लांब केले आणि हलवून पाहिले. मोकळे होते.