माझ्या काड्यांवर अडलेला प्रश्न

गच्चीवर कपडे वाळत घालायला येणाऱ्यांना मी दोरी बांधायचा खांब वाटतो. कावळ्यांना मी हक्काची बैठक वाटतो, आणि पतंग उडवणाऱ्या मुलांना तर साक्षात वैरी. मित्रांनो, यांतलं थोडंथोडं मी आहेच, पण मुळात मी एक जुना अँटेना आहे. लोखंडी नळावर बसवलेला, नऊ काड्यांचा. एक काडी एका जाड्या कावळ्यानं मोडली, तेव्हा आता आठच म्हणा.

माझा जन्म रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. अॅल्युमिनियमच्या नळ्या त्यानं करवतीनं कापल्या आणि प्रत्येक काडी मागच्यापेक्षा बोटभर आखूड ठेवली. "डोंगरावरच्या मनोऱ्याकडे याचं तोंड ठेवा," तो माझ्या मालकांना म्हणाला. "आणि हा बूस्टर याच्या गळ्याशी बसवा. मनोरा लांब आहे हो, बूस्टरशिवाय याला काही ऐकू यायचं नाही." गळ्यातल्या त्या डबीला वीज लागते आणि ती खालून, माझ्याच वायरीतून मिळते. त्यासाठी टीव्हीच्या मागे एक काळा ठोकळा बोर्डात खोचलेला असतो. त्यावर डाळीच्या दाण्याएवढा लाल दिवा. तो दिवा लागला की मला मनोरा स्वच्छ ऐकू येतो. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माझे मालक बसचालक होते. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. सारा जन्म बस चालवल्यामुळे त्यांना समोर बघत बोलायची सवय. मागच्यांनी ऐकलं तर ऐकलं! आणि नशीब असं, की आईला लहानपणीच्या तापापासून ऐकूच येत नव्हतं. तिचं बोलणं हातांचं आणि ऐकणं डोळ्यांचं. त्यामुळे घरात एकच नियम होता, बोलायचं तर तोंडाकडे बघून. बाबा विसरले की आई त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची, स्टिअरिंग फिरवावं तसं. बाबा हसायचे आणि बोलणं पहिल्यापासून सुरू करायचे.

माझी वायर गच्चीवरून खिडकीतून बैठकीत उतरते. तिच्या अंगानं घरातलं सगळं माझ्यापर्यंत पोचतं. माझ्या उमेदीच्या दिवसांत जरा वारा सुटला की मी फिरायचो आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग बाबा गच्चीवर येऊन नळ फिरवत आणि ओरडत, "आलं का?" टीव्हीसमोर बसलेल्या आईला ते ऐकू कसं येणार? त्यांची लेक, सहा-सात वर्षांची, जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहायची. तिथून तिला वर बाबा दिसत आणि खाली आई. बाबांचा ओरडा ती हातांनी आईला सांगायची, आणि आईचे हात बघून वर ओरडायची, "थोडं डावीकडे! अहो बाबा, तुमचं डावीकडे नाही, आमचं!" चित्र स्थिर झालं की बाबा खाली उतरत आणि तिघं मिळून टाळ्या वाजवत. त्या टाळ्या माझ्यासाठी असत. आजही वारा सुटला की मला तो जिना आठवतो आणि फार एकटं वाटतं.

पोरीनं पुढं तेच काम धरलं. लांबच्या शहरातल्या छोट्या वाहिनीवर ती दुपारी दीडच्या बातम्या हातांनी सांगू लागली. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात ती. ती वाहिनी कुठल्याही उपग्रहावर नव्हती. ती फक्त डोंगरावरच्या मनोऱ्यावरून यायची, म्हणजे फक्त माझ्याकडून! मला काय वाटलं असेल, सांगा बघू. फोनवरही मायलेकी रविवारी बोलत, पण फोनवरचं चित्र मध्येच थबकायचं आणि वाक्य अर्ध्यावर राहायचं. दीडच्या बातम्यांत तसं होत नसे.

त्या बातम्यांच्या शेवटी एक गंमत असे. निरोप घेताना लेक क्षणभर गालाला बोट टेकवायची. बघणाऱ्यांना वाटे, केस सारले असतील. पण ती या घरातली खूण होती. लहानपणी ती गाल फुगवून, त्यावर बोट ठेवून आईला विचारायची, "जेवलीस?" आता ती रोज पडद्यातून विचारायची. आई पडद्यालाच हातांनी उत्तर द्यायची, "आता बसते," आणि मगच ताट वाढून घ्यायची. त्याआधी घास घशाखाली उतरायचा नाही तिच्या.

आणि मग एका सोमवारी सकाळी घरात नवं यंत्र आलं. कठड्यावर एक डिश बसली. आभाळाकडे तोंड करून बसलेली ती थाळी माझ्याकडे ढुंकूनही बघेना. खाली बैठकीत डिशवाल्यानं नवा रिसीव्हर टीव्हीला जोडला. "साडेतीनशे वाहिन्या, काका! आणि मागे अँटेनासाठी वेगळं भोक आहे. जुनी वायर इथं लावली की तुमची ती स्थानिक वाहिनीही याच रिमोटवर." बाबा खूश. आईचे डोळे ऐकूनच... नाही, बघूनच चमकले.

पण बोर्डात जागा दोनच. एक टीव्हीची, दुसरीत काळा ठोकळा. बाबा टीव्हीमागे डोकं घालून म्हणाले, "हे कसलं जुनं चार्जर? जुन्या रेडिओचं असेल," आणि ठोकळा उपटून त्या जागी रिसीव्हरचा प्लग खोचला. लाल दिवा गेला. त्याच क्षणी माझ्या गळ्यातली डबी बंद पडली. आईनं ते पाहिलं आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा तिकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "थांब गं, झालंच!"

झालं कुठलं? डिशवाल्यानं वाहिन्या शोधायला लावल्या. साडेतीनशे सापडल्या, माझ्याकडची एकही नाही. पडद्यावर आलं, 'सिग्नल नाही'. त्यानं वायरीचं टोक कापून नवीन बसवलं. पुन्हा शोध. शून्य. वर येऊन मला पूर्वेला फिरवलं, मग उत्तरेला, मग परत मनोऱ्याकडे. बाबांनी सवयीनं हाक मारली, "आलं का?" जिन्यात कुणीच नव्हतं. त्यांचा आवाज पायऱ्यांवरच विरला आणि ते थोडे ओशाळले.

मित्रांनो, दोष काय आहे हे मला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. ती दिवसभर सांगत होती. बोटांच्या चिमटीनं ठोकळा, मुठीची उघडझाप करून दिवा, आणि मग मूठ बंद. पण दोघं पुरुष कधी पडद्याकडे बघत, कधी माहितीपुस्तकाकडे, कधी माझ्याकडे. तिच्याकडे कुणी बघेना. तिनं एकदा स्वतः प्लग काढायला हात घातला, तर बाबा समोर बघतच बोलले, "हात नको लावू, नवीन आहे!" तिनं हात मागे घेतला. मला इतका राग आला, पण रागावून अँटेना करणार काय?

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. दीड वाजता लेकीचा प्रश्न डोंगर ओलांडून माझ्या काड्यांपर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. खाली आई काळ्या पडद्यासमोर बसलेली असायची, शेजारी ताट झाकलेलं. तीन वाजले की ती ते उचलून आत न्यायची. "लेकीला कळवू या का?" बाबांनी विचारलं. आईनं मान हलवली. तिकडं पोरीच्या जीवाला घोर नको.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला डिशवाला पाना घेऊन गच्चीवर आला. "काका, हा गेला कामातून. काढून टाकतो. आता कुणाच्या घरी असतात हे?" बाबा नळाला हात लावून उभे राहिले. "काढ," ते म्हणाले, पण हात काढेनात. पान्यानं पहिला नट सैल केला. मी एका बाजूला कललो. मला मनोरा दिसेनासा झाला आणि मला वाटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात जिन्यातून आई आली. काखेत झोपायच्या खोलीतला लांब वायरीचा बोर्ड, हातात तो काळा ठोकळा. ती तडक बाबांपुढं आली आणि तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. हात सावकाश बोलले. "हे याचं. अँटेनाचं. तू काढलंस. दिवा गेला, लेक गेली. चार दिवस सांगते आहे."

बाबा बघतच राहिले. मग मटकन कठड्यावर बसले. "अरे देवा! जुन्या रेडिओचं म्हणून मीच उपटलं की रे. आणि हिच्याकडे एकदा वळून बघितलं नाही."

डिशवाल्यानं ठोकळा हातात घेऊन कपाळावर मारून घेतलं. "बूस्टर आहे होय वर? मला गळ्यातली डबी गंजलेली वाटली, मी विचारलंच नाही. चूक माझीही आहे, काकू." आणि हे तो समोर येऊन, ओठ दिसतील असं म्हणाला. त्यासाठी मी त्याला माफ केलं. त्यानं माझा नट घट्ट आवळला, मला मनोऱ्याकडे नीट धरलं, आणि तिघं खाली गेले.

आईनं आणलेला बोर्ड जोडला, त्यात ठोकळा खोचला. लाल दिवा लागला. माझ्या गळ्यातून वीज सरकली आणि चार दिवसांनी मनोरा स्वच्छ ऐकू आला. रिसीव्हर शोधायला लागला. दहा टक्के, तीस, साठ. दीड वाजून गेला होता. मग चित्र उमटलं. बातम्या संपत आल्या होत्या आणि कोपऱ्यात ती होती, निळा कुर्ता घातलेली, थोडी वाळलेली. आईनं पडद्याला हात लावला.

लेकीनं निरोप घेतला आणि गालाला बोट टेकवलं.

आईचे हात वर आले. पण तिच्या आधी बाबा बोलले. ज्यांना हातांनी धड दोन वाक्यं जुळवता येत नसत, ते पडद्यासमोर उभं राहून वेडेवाकडे हात करत सांगत होते, "चार दिवस नाही जेवली. मी बघितलं नाही. आता वाढतो." तोवर चौकोन मिटला होता, जाहिरात सुरू झाली होती, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं.

मित्रांनो, माझं हेच एक दुखणं आहे. मी फक्त आणू शकतो, नेऊ शकत नाही. त्या घरानं लेकीला दिलेली सगळी उत्तरं वायरीतून माझ्यापर्यंत चढतात आणि इथं, माझ्या काड्यांवर, थांबतात. मला किती वाटतं, एकदा तरी ती डोंगरापलीकडे पोचवावीत.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी. जुनं काही काढून टाकण्याआधी त्याची वायर कुठं जाते ते बघा. आणि तुमच्या घरात कुणी पाठीवर थाप मारली, तर "थांब, झालंच" म्हणू नका, वळून बघा. बाबा आता वळतात. दुपारी बातम्या संपल्या की ते रिमोट ठेवून आईकडे तोंड करतात, आपल्या म्हाताऱ्या गालाला बोट टेकवतात, आणि उत्तर मिळेपर्यंत नजर हलवत नाहीत.