चार बाइटच्या डब्याचा सूड

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, पण पत्र्याचा नव्हे. संगणकाच्या प्रोग्राममध्ये वेळ ठेवण्यासाठी केलेली चार बाइटची जागा म्हणजेच मी. १९९४ साली डोंबिवलीच्या ऑफिसात मालनताईंनी मला आपल्या छोट्याशा सी लायब्ररीत, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या तयार कामांच्या संग्रहात, बसवलं. वेळ मला कर्नेल देई. कर्नेल म्हणजे अख्ख्या यंत्राचा कारभारी. तो ठाण्याच्या ऑफिसात सहदेव लिहीत असे.

कल्याणच्या एका कारखान्यात कापड रंगवायचं यंत्र आम्ही दोघं मिळून चालवायचो. "लहान आहे, पण गुणाचा आहे हो!" असं मालनताई माझ्याबद्दल म्हणायच्या.

मग सहदेवला पुढच्या शतकाची काळजी लागली. चार बाइटमध्ये तेव्हाची वेळ मावणार नाही, म्हणून त्यानं कर्नेलमध्ये माप आठ केलं. केलं ते बरोबरच. पण मेल्यानं डोंबिवलीला कळवलंच नाही! कर्नेल आठ ओतू लागला. चार माझ्यात मावले, चार शेजारच्या जागेत सांडले. तिथं रंगाची टाकी कधी बंद करायची ते लिहिलेलं होतं. ते पुसलं गेलं. टाकी उकळतच राहिली आणि कापडाचं वाटोळं झालं.

दोन्ही ऑफिसांचे मालक त्र्यंबकराव खवळले. सहदेव सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, कर्नेल एकदम ओके आहे. मालनची लायब्ररीच फालतू!"

मालनताईंनी आठचा आकडा शोधून काढला, पण कुणी ऐकून घेईना. त्यांची नोकरी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी आतल्या आत धुमसत होतो. जाता जाता त्यांनी लायब्ररीत एक तपासणी घातली. यंत्र सुरू होताना कर्नेलचं माप आणि माझं माप ताडून बघायचं, जुळलं नाही तर तिथंच थांबायचं.

फालतू म्हणणाऱ्या सहदेवनं नव्या यंत्रात तीच लायब्ररी घातली. गिऱ्हाईक समोर बसलेलं, शेजारी त्र्यंबकराव, चहा आलेला. त्यानं ऐटीत बटण दाबलं आणि मी यंत्र अडवलं. पडद्यावर आलं: कर्नेलचं माप आठ, लायब्ररीचं चार.

"आठ कुणी केलं?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"मीच केलेलं, सर. सांगायचं राहून गेलं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अस्सा आनंद झाला म्हणून सांगू!

त्र्यंबकरावांनी मालनताईंना परत बोलावलं. त्या म्हणाल्या, "आधी सहदेवला सगळ्यांदेखत सांगू दे, चूक कुणाची होती ते." त्याला सांगावं लागलं. मग मालनताईंनी मला आठ बाइटचं केलं.

मित्रांनो, माप खुशाल बदला, पण पलीकडच्याला सांगा. नाही सांगितलंत तर मी परत अडवीन, आणि तेही भर पाहुण्यांत.