टेबलाचा डावा कोपरा

एलिया सुताराच्या घरामागं पत्र्याची पडवी होती, तिला तो कारखाना म्हणायचा. त्या कारखान्यात एक टेबल तीन वर्षं भिंतीला लावून ठेवलेलं होतं. सागवानी, दोन खणांचं, आणि पायांवर असं बसलेलं की काठोकाठ भरलेला पेला वर ठेवावा आणि थेंब हलू नये. सगळं झालं होतं. पॉलिश तेवढं राहिलं होतं.

टेबल जॉर्जचं. जॉर्ज हा एलियाचा थोरला मुलगा. ट्रेनिंग करून मास्तर झाला, शेवगावकडच्या एका शाळेत त्याची नेमणूक झाली, तेव्हा बापानं हौसेनं टेबल करायला घेतलं. टेबल जोडून पॉलिशला येतंय तोवर लेक पलटणीत भरती झाला. मग दीड वर्षानं तार आली. इटलीत त्याला जिथं पुरलं त्या गावाचं नाव घरात कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. त्या दिवशी एलियानं टेबलावर गोणपाट टाकलं. लढाई संपली, केडगावची दोन पोरं परत आली, तरी ते गोणपाट कुणी काढलं नाही.

एलियाची एक रीत सगळ्या नगराला ठाऊक होती. पॉलिशचं शेवटचं पुट तो मालकासमोरच द्यायचा. लग्नाचा पलंग असो की चर्चमधलं बाक, मालकाला पाट मांडून समोर बसवायचा, पुट द्यायचा आणि म्हणायचा, "बघून घ्या, काय दडवलं न्हाई." भुसा आणि सरस भरून बुजवलेली भोकं रंगाखाली लपवणारे सुतार त्याला आवडत नसत. आप्पासाहेबांसारखे बडे बागायतदारसुद्धा त्याच्या त्या पाटावर मुकाट्यानं बसत.

कृपा ही जॉर्जची धाकटी बहीण. पुढच्या साली मॅट्रिकला बसायची होती. दिवाळीआधी वक्तृत्वाच्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून तिच्या मनात आलेली गोष्ट ओठांवर थांबेनाशी झाली. पत्र्याच्या ट्रंकेवर वही ठेवून, पाठीचं धनुष्य करून ती अभ्यास करायची. एका संध्याकाळी तिनं सरळ विचारलं.

"बाबा, ते टेबल मी घेऊ?"

"कुठलं?" घरात एकच टेबल होतं, तरी एलियानं विचारलं.

"दादाचं."

"पॉलिश न्हाई त्याला."

"मग करू या की."

"ज्याचं हाय त्याच्यासमोर करायचं असतं," एलिया म्हणाला आणि करवतीला धार लावायला बसला.

कृपाला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. दादा येणार नाही हे बाबांना कळतं, आणि तरी ते वाट बघतात. त्यांना यातून कुणीतरी हात धरून बाहेर काढायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच, असं तिनं ठरवून टाकलं. एकदा सुरुवात झाली की पुढचं तेच करतील, अशी तिची खात्री होती.

गुरुवारी एलिया केडगावला चौकटी बसवायला गेला. आई, मरियम, दवाखान्यात कामाला गेली. कृपानं शाळा बुडवली, पदर खोचला आणि गोणपाट काढलं. आधी जाडा काचकागद, मग बारीक, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवा कधीच नाही. लहानपणापासून बघत आली होती ती. भुसा उडून केस पांढरे झाले तरी तिला कळलं नाही.

शेजारच्या साळूबाईनं कुंपणावरून डोकावलं. "काय गं मास्तरीणबाई, सुतारकी कधीपासनं?"

"आजपासून, मावशी."

"असल्या खरखरीत हातांना नवरा मिळायचा न्हाई हो."

"मिळाला तर त्याच्याच हातात काचकागद देईन."

साळूबाई हसत हसत आत गेली. कृपा डाव्या कोपऱ्याशी आली. तिथं भाकरीएवढा काळपट डाग होता, कडेला काही लहान ठिपके, सगळ्यावर धूळ चिकटून बसलेली. तेलाचा डाग. कच्च्या लाकडावर तेल सांडलं की तिथं पॉलिश धरत नाही, हे तिला अंगणातल्या कोंबडीइतकं ओळखीचं होतं. बाबांच्या नजरेतून हा सुटला कसा, याचं तिला नवल वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. तीन काचकागद झिजले, बोटांची टोकं सोलवटली, पण कोपरा बाकीच्या फळीसारखा फिकट, स्वच्छ झाला.

दिवेलागणीला एलिया आला. पडवीत उभी असलेली लेक त्याला दिसली, मग उघडं टेबल दिसलं. तो पुढं झाला. काही न बघता त्याचा तळवा थेट डाव्या कोपऱ्यावर गेला आणि तिथंच थांबला.

"हितला डाग?"

"काढला," कृपा म्हणाली. "लई खोल होता बाबा, पण काढला. डाग ठेवून पॉलिश करू नये, तुम्हीच म्हणता ना."

एलिया भुशातच खाली बसला. आई दारात आली होती. तिनं कोपरा बघितला आणि तोंडाला पदर लावला.

"काय झालं?" कृपाचा आवाज उतरला.

आईनं तिला आत नेऊन सांगितलं. जॉर्ज निघाला त्या सकाळी कृपा परीक्षेला गेली होती. आई त्याच्या डोक्याला तेल चोळत होती. मध्येच उठून तो पडवीत धावला आणि टेबलावर हात टेकून बापाला म्हणाला, मी आल्यावरच पॉलिश करायचं. एलिया कडाडला. सुताराचं पोर तू, कच्च्या लाकडाला तेलाचा हात लावतोस? जॉर्ज हसत बाहेर पडला. बापलेकांचं तेवढंच शेवटचं बोलणं.

"त्याचा पंजा हुता तो," आई म्हणाली. "हे रोज एकदा गोणपाट उचलून बघायचे. मला वाटायचं, तुला ठाऊक असंल."

भरल्या सभेत न अडखळणारी कृपा त्या दिवशी माफीचं एक वाक्य जुळवू शकली नाही. आपल्याच सोललेल्या बोटांकडं बघत ती बसून राहिली. पुढचे दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

रविवारी उपासनेहून आल्यावर एलियानं ट्रंकेतून बाटली काढली. लढाईत स्पिरिट मिळेनासं झालं तेव्हापासून जपून ठेवलेली, आत लाखेची चपडी विरघळवून मधासारखं झालेलं पॉलिश. जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस बांधून त्यानं बोळा केला आणि कृपापुढं धरला.

"घे. आता राखायचं काय राहिलंय. तुझं टेबल तूच कर."

"मला नको, बाबा."

"लाकूड उघडं ठेवू न्हाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्त रडू आलं.

तिनं उजवीकडून सुरुवात केली. फळी पॉलिश पीत गेली, फिकट सागाला चहासारखा रंग चढत गेला. डाव्या कोपऱ्याशी ती थांबली. तिनं डोळे पुसले आणि बोळा फिरवला.

पुट सगळीकडं सारखं बसलं, तिथं मात्र बसलं नाही. ओल्या लाकडात काहीतरी काळपट वर येऊ लागलं. आधी अंगठ्याखालचा उंचवटा. मग एक बोट, दुसरं, तिसरं. करंगळी आणि अंगठा उमटले नाहीत. ते कृपानं कायमचे घासून टाकले होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली.

एलिया वाकला. त्यानं ओल्या पुटाला न टेकवता आपला पंजा त्या तीन बोटांवर धरला.

"तेल लई आत गेल्तं," तो म्हणाला.

पुढचे आठ दिवस तो रोज एक पुट देत होता, मध्ये बारीक काचकागद फिरवत होता, तेवढी जागा सोडून. आप्पासाहेब दाराचं माप सांगायला आले, त्यांनी टेबल पाहिलं.

"एलिया, तुझ्या हातून डाग राहिला की रे."

"व्हय, राहिला."

शेवटच्या पुटाच्या दिवशी त्यानं मरियमला हाक मारली. कृपानं रीतीप्रमाणं पाट आणून टेबलासमोर मांडला. आई बसायला वाकली.

"त्यो राहू दे," एलिया म्हणाला. "तू हिकडं बस, पोरीजवळ."

मग त्यानं पुट दिलं, उजवीकडून डावीकडं, न थांबता. बोळा खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि रिकाम्या पाटाकडं वळला.

"बघून घे, लेका," तो म्हणाला. "काय दडवलं न्हाई."